निव्वळ वजन

माझ्या हाताखाली साठ टनांचा काटा आहे,
दारव्हा रोडवर, जिनिंगच्या फाटकाशी.
भरली गाडी, रिकामी गाडी, वजा करा,
उरेल त्याची पावती.
परवा हे कार्ड ठेवून पाह्यलं त्याच्यावर, गंमत म्हणून.
शून्य हललंसुद्धा नाही.

दिग्रसचा काळबांडे विकतो आहे, फोटो स्टुडिओवाला.
सहा जीबी, दोन पंखे,
त्यातला एक सुरू होताना खाकरतो,
पहाटे उठलेल्या म्हाताऱ्यासारखा.
साडेपाच हजार. "खोकं भेटते संगं," तो म्हणाला,
जसं काही मी खोक्यावर गेम खेळणार आहे.
बिल नाही. वॉरंटीचं नाव काढलं तर हसला.

"मायनिंगचं तं नाही ना?" मी विचारलं.
"मायनिंग घुग्घुसले, बावा.
अथी नुसते लगनं."

सात वर्षं लग्नं शिजवली या कार्डानं.
नवरदेव ढगातून उतरतो ते,
नवरी गुलाबाच्या पाकळीत गोल फिरते ते,
शेवटी दोन हंस, आणि नावं सोनेरी.
मे महिन्यात, रात्ररात्र,
कूलरच्या तोंडाशी कॅबिनेट उघडं ठेवून.

रेहानला दाखवलं. तो मोटारी वाइंड करतो,
त्याला कार्डातलं काही कळत नाही.
त्यानं नाकाशी धरून वास घेतला, डोळे मिटून,
मग उलटं केलं, पुन्हा घेतला.
"जळेल नाही," म्हणाला. "तापेल हाये. जळेल नाही."
याच्यापेक्षा मोठी तपासणी आमच्या तालुक्यात होत नाही.

मी हिशेब मांडला पावतीच्या पाठीवर.
पॉवर सप्लाय साडेचारशे वॅटचा, पुरेल.
व्होल्टेज संध्याकाळी एकशे सत्तर, पुरणार नाही.
स्टॅबिलायझर मागायचा, बाबांच्या टीव्हीचा.
नवे गेम मिडियमवर, सावल्या बंद करून.
सावल्या बंद केल्या की बरेच गेम चालतात.
दोन वर्षं टिकलं तर दिवसाला साडेसात रुपये,
एका कट चहापेक्षा कमी.
एक वर्ष टिकलं तर
रेहान म्हणतो, पंखे तरी कामात येतील.

पंख्याच्या पात्यांत धूळ होती, काडीनं काढली.
धुळीत चमकी.
अल्बमवर लावतात ती, चांदीची, बारीक.

चित्राक्का दारात उभी होती, ओले हात पदराला पुसत.
तिचंही लग्न काळबांडेनंच काढलं होतं.
तीही फिरली होती पाकळीत.
आता दोन वर्षं झाली ती इथंच आहे,
पेनड्राइव्ह कुठल्या डब्यात आहे
कोणी विचारत नाही.

"त्याच्यात राह्यते का काही?" तिनं विचारलं.
"कशात?"
"थ्याच्यात. आधीचं."
मी म्हटलं, नाही. याची मेमरी वेगळी असते.
लाइन गेली की सगळं पुसलं जातं,
दर वेळी कोरं.
तिनं कार्ड हातात घेतलं, कडेला धरून,
गरम पोळी धरतात तसं.
"मंग घेऊन टाक," म्हणाली,
आणि भाजी लागली म्हणून आत पळाली.

बेचाळीसशेला तुटलं. खोक्यासकट.

रात्री बसवलं. पंखा खाकरला, मग लागला फिरायला.
मी दुसरं काय खेळणार, ट्रकच चालवतो,
बर्फातल्या रस्त्यावर, अठरा चाकी,
बाहेर मात्र पत्रा अजून तापलेला.
ब्याऐंशी डिग्री दाखवतं. मी पंखा वाढवतो.
सावल्या बंद आहेत, त्यामुळे झाडं
जमिनीला न टेकता उभी असल्यासारखी वाटतात.
शेकडो किलोमीटर झाले,
एकही काटा लागला नाही.

अक्का मागं येऊन बसली आहे.
"बर्फाच्या जरा हळू ने," म्हणते.
लाइन जायची वेळ झाली आहे.